होमी भाभा : अणुऊर्जेच्या आधीची गोष्ट

होमी भाभा म्हटलं की मुलं लगेच ‘अणुऊर्जा’ म्हणतात. उत्तर बरोबरच आहे. पण त्याआधीचे भाभा आपण वर्गात दोन ओळींत उरकतो, आणि मला तर तेच जास्त आवडतात.

जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९. घरच्यांना वाटे, मुलाने केंब्रिजहून इंजिनिअर होऊन यावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावं. मुलाचं मन भौतिकशास्त्रात. (दहावीच्या निकालानंतर आपल्याकडे घरोघरी हाच वाद असतो, नाही का?) आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणित शीक, असं ठरलं. त्यांनी तो मिळवला.

१९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांचं एक कोडं सोडवलं. वेगवान इलेक्ट्रॉन हवेत गॅमा किरण सोडतो. त्या किरणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होते, ती पुन्हा गॅमा किरण सोडते. असा कणांचा वर्षाव होतो. फळ्यावर फांद्या फुटत जाणारं झाड काढा, मुलांना चटकन कळेल.

१९३९ मध्ये ते सुट्टीला भारतात आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. बंगळूरला विश्वकिरणांवर काम केलं, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरच्या विमान अपघातात ते गेले, वय अवघं ५६.

आता त्या वर्षावाचा आजचा उपयोग बघा. रात्री मांडवीच्या किनाऱ्यावरून दूरच्या दोन होड्यांचे दिवे एकच वाटतात, तसंच आकाशात होतं. ययाती तारकासमूहाच्या दिशेला दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. त्यात एनजीसी १२७५ आणि आयसी ३१० या दोन सक्रिय दीर्घिका आहेत. आकाशात त्यांच्यातलं अंतर पूर्णचंद्राच्या रुंदीहून थोडंसंच जास्त. गॅमा किरण कुणाचे हे आधी वेगळं केलं नाही, तर दीर्घिकांमधल्या मोकळ्या जागेतूनही ते येतात का, हे कळणारच नाही.

गॅमा किरण वातावरणावर आदळला की वर्षावासोबत क्षणभर निळसर उजेड चमकतो. त्याच्या चित्रावरून किरणाची दिशा काढतात. कॅनरी बेटांवरच्या ‘मॅजिक’ दुर्बिणींनी २०१० मध्ये या दोघींना असंच वेगळं ओळखलं. लडाखमध्ये हानले इथे आपलीही २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण आहे. एनजीसी १२७५ चे गॅमा किरण तिनेही टिपलेत. ती उभारली भाभा अणुसंशोधन केंद्राने.