पडद्यावरचा भरवशाचा माणूस

आमच्या घरात टीव्हीवर बातम्या लागल्या की वडील उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. पूर्वी असे नव्हते. मी सातवीत होते. त्या वर्षी आजीपाशी न राहता आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले होते. आमच्या तळावर एका वाहिनीची गाडी आली. कोप्यांचे, आईच्या हातातल्या कोयत्याचे चित्रण झाले. रात्री मुकादमाच्या मोबाईलभोवती सारी टोळी जमली. कोटातल्या निवेदकाने आमचा जिल्हाच चुकीचा सांगितला आणि मग चार माणसे अर्धा तास एकमेकांवर ओरडत राहिली. उचलीबद्दल, मजुरीबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवसापासून वडिलांचा भरवसा उडाला.

अंकासाठी कोणाचे तरी चरित्र लिहायचे ठरले, तेव्हा ज्याच्यावर लोकांनी भरवसा ठेवला असा बातम्या देणारा माणूस शोधावा असे मनात आले. ग्रंथालयात तो सापडला, अमेरिकेचा एडवर्ड आर. मरो. आडनाव ऐकून आई दचकली, तेव्हा मी त्याला एडवर्डच म्हणते.

हेही त्याचे मूळचे नाव नव्हे. २५ एप्रिल १९०८ रोजी नॉर्थ कॅरोलायनात एका शेतकरी कुटुंबात तो जन्मला, तेव्हा नाव होते एग्बर्ट. पोटासाठी कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेले. लाकूडतोडीच्या तळांवर राबून त्याने पैसे जमवले आणि पुलमन गावच्या कॉलेजात शिकला. तिथे आयडा लू अँडरसन नावाच्या, पोलिओने अपंग झालेल्या बाईंनी त्याला बोलायला शिकवले. पुढे लंडनहून बोलताना पहिल्या शब्दानंतर तो क्षणभर थांबत असे. ती युक्तीही त्यांचीच.

१९३५ साली सीबीएस या नभोवाणी कंपनीत नोकरी मिळवताना मात्र तो खोटे बोलला. वय पाच वर्षांनी वाढवून सांगितले आणि न घेतलेली एम.ए.ची पदवी नावापुढे लावली. हे वाचून मला धक्का बसला. मग वाटले, तळावरून आलेल्या पोराला मोठ्या शहरातल्या कचेरीत किती भीती वाटली असेल! मी त्याला दोष देऊ शकत नाही, पण लपवूही शकत नाही.

१९३७ साली कंपनीने त्याला लंडनला धाडले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा तो विमान भाड्याने घेऊन व्हिएन्नात पोचला. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना तो गच्चीवर उभा राहून बोलला. १९४३ साली बॉम्बफेकी विमानात बसून बर्लिनवर गेला आणि एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी पाहून आला. स्वतः जाऊन पाहायचे आणि पाहिले तेवढेच सांगायचे, ही त्याची रीत. आमच्या तळाचा जिल्हा त्याने चुकवला नसता, असे मला वाटते.

१९५१ पासून तो दूरचित्रवाणीवर आला. सिनेटर मॅकार्थी तेव्हा कोणालाही कम्युनिस्ट ठरवून आयुष्यातून उठवत होते. ९ मार्च १९५४ च्या कार्यक्रमात एडवर्डने मुख्यतः मॅकार्थींचीच चित्रफीत दाखवून त्यांचे खोटे उघडे पाडले. कंपनी जाहिरात करीना, म्हणून त्याने आणि सहकारी फ्रेड फ्रेंडली यांनी पदरचे पैसे घालून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. डिसेंबरात सिनेटने मॅकार्थींचा निषेध केला. अर्थात वर्तमानपत्रांतली काही माणसे त्याच्या कितीतरी आधीपासून लिहीत होती; भक्तमंडळी हे विसरतात.

१९५८ साली त्याचा तो कार्यक्रम बंद झाला. त्याच वर्षी शिकागोत त्याने धंद्यातल्या लोकांना सुनावले, की नफ्यासाठी तुम्ही या यंत्राची करमणुकीची पेटी करत आहात. स्वतः तो तेव्हा नटनट्यांच्या घरी डोकावणारा लोकप्रिय कार्यक्रमही चालवत होताच! १९७६ साली गॅलपच्या पाहणीत शंभरांतले ७२ अमेरिकन बातमी-माध्यमांवर विश्वास ठेवत, २०२४ साली ३१. ही उतरण पाहायला तो नव्हता, पण तिची वाट त्याने ओळखली होती.

नोव्हेंबर १९६० मध्ये त्याने शेतमजुरांवर चित्रपट दाखवला. पिकामागे राज्याराज्यांत फिरणारी कुटुंबे, ट्रकमध्ये कोंबलेली माणसे, शाळा सुटलेली मुले. फ्लोरिडाच्या जागी बीड लिहिले तरी चालेल. पण १९६१ साली तो केनेडी सरकारच्या प्रचार खात्याचा प्रमुख झाला आणि बीबीसी हाच चित्रपट दाखवणार म्हटल्यावर त्याने दाखवू नका अशी विनंती केली. देशाची अब्रू जाईल म्हणून! बीबीसीने तो दाखवलाच.

सतत सिगारेट ओढणाऱ्या एडवर्डने १९५५ साली सिगारेट आणि कर्करोग यांवर कार्यक्रम केला होता. फुफ्फुसाच्या कर्करोगानेच तो २७ एप्रिल १९६५ रोजी वारला. सत्तावन्न पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते.

दिवाळीत, टोळी निघण्याआधी, हे सारे मी वडिलांना वाचून दाखवले. युद्धाचे त्यांनी मुकाट ऐकले. मजुरांचा भाग दोनदा वाचायला लावला. बीबीसीची गोष्ट आली तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठून ओट्यावर गेले. थोड्या वेळाने आत येऊन विचारले, त्या लोकांना उचल कोण देत असे, ते त्याने दाखवले होते का?