ऑगस्टा सॅव्हेज : प्लास्टरमधील शिल्पसंसार

जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. तेव्हापासून तेथील कृष्णवर्णीयांचे जीवन मराठी विचारविश्वाला अगदीच परके राहिलेले नाही. दलित साहित्याच्या चर्चेत त्यांच्या कवी-कादंबरीकारांचे उल्लेख वारंवार येतात. चित्रकार-शिल्पकारांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच गेले आहे. ऑगस्टा सॅव्हेज हे त्या उपेक्षित दालनातील एक ठळक नाव होय.

त्यांचा जन्म फ्लॉरिडा राज्यातील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज ह्या गावी २९ फेब्रुवारी १८९२ रोजी झाला. चौदा भावंडांतील त्या सातव्या. गावची तांबडी माती विटांसाठी प्रसिद्ध होती. ह्याच मातीची बदके आणि कोंबड्या घडवण्याचा नाद त्यांना बालपणीच लागला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. मूर्ती घडवणे हेच त्यांच्या लेखी पाप असल्याने मुलीला त्यापायी वारंवार मार खावा लागला. (आपल्याकडे मूर्ती घडवणाऱ्या हातांना पुढे गाभाऱ्यात मज्जाव होई, येथे घडवण्यालाच मज्जाव होता.) पंधराव्या वर्षी विवाह, लवकरच मातृत्व आणि वैधव्य असा क्रम झाला. सॅव्हेज हे आडनाव दुसऱ्या पतीचे; तो विवाह टिकला नाही, नाव तेवढे राहिले.

१९२१ मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या. कूपर युनियन ह्या विनाशुल्क कलाविद्यालयात त्यांनी चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा केला. मध्यंतरी १९२३ साली फ्रान्समधील फाँतेनब्लो येथील उन्हाळी कलाशाळेसाठी त्यांची निवड होण्याची चिन्हे होती. परंतु अर्जदार कृष्णवर्णीय असल्याचे कळताच निवडसमितीने त्यांचा अर्ज फेटाळला. असे अपमान गिळून पुढे जाण्याचा त्या काळचा रिवाज ऑगस्टाबाईंनी पाळला नाही. त्यांनी प्रकरण वृत्तपत्रांकडे नेले. निर्णय बदलला नाही. समितीतील हर्मन मॅकनील ह्या एकट्या शिल्पकाराने खेद मानून त्यांना आपल्याकडे शिकण्यास बोलावले. भांडखोर अशी ख्याती मात्र कलाजगतात त्यांना कायमची चिकटली.

धुलाईगृहात राबून उदरनिर्वाह करीत असतानाच हार्लेमच्या ग्रंथालयासाठी त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांचा अर्धपुतळा घडवला. १९२९ च्या सुमारास ‘गॅमिन’ आले. तिरकी टोपी घातलेला, चुरगळलेल्या सदऱ्यातील हा रस्त्यावरचा मुलगा. ह्या पोराच्या डोळ्यांत याचना नाही, गोडवाही नाही. बघणाऱ्याला तो जोखतो आहे असे वाटते. ह्या शिल्पामुळे रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती लाभली आणि सहा वर्षांपूर्वी नाकारलेले फ्रान्स अखेर पॅरिसच्या रूपाने भेटले.

परतल्या तेव्हा आर्थिक मंदीचा कहर होता. १९३२ मध्ये त्यांनी हार्लेममध्ये स्वतःची कलाशाळा उघडली; १९३७ मध्ये सरकारी साहाय्याने स्थापन झालेल्या हार्लेम समाज-कलाकेंद्राच्या त्या पहिल्या संचालिका झाल्या. लहान-थोर सुमारे पंधराशे विद्यार्थी तेथे शिकून गेले. जेकब लॉरेन्स हा तरुण सरकारी कलायोजनेत वयाने कमी ठरून परत आला, तेव्हा त्याला एकवीस पूर्ण होईपर्यंत बाईंनी ही गोष्ट ध्यानात ठेवली आणि मग त्याला स्वतः नेऊन काम मिळवून दिले. दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर लॉरेन्सने पुढे साठ चित्रांची मालिका रंगवली. अध्यापनापायी सॅव्हेज ह्यांची स्वतःची निर्मिती खुंटली अशी हळहळ काही अभ्यासक व्यक्त करतात. परंतु ही हळहळ एकट्या कलावंताच्या कल्पनेतून आलेली आहे. जेथे शिकण्याची दारेच बंद होती, तेथे शाळा उघडणे हा शिल्पकर्माचाच भाग होता.

१९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी सोळा फूट उंचीचे शिल्प उभारले. जेम्स वेल्डन जॉन्सन ह्यांच्या, कृष्णवर्णीयांनी राष्ट्रगीतासारख्या मानलेल्या गीतावर ते आधारलेले होते. गाणाऱ्या बारा मुलामुलींच्या उभ्या आकृती ह्या वीणेच्या तारा. त्यांच्या झग्यांच्या चुण्या तारांसारख्या सरळ खाली उतरतात. खालचा आधार म्हणजे ईश्वराचा हात, आणि पुढ्यात गुडघे टेकलेला तरुण. प्रेक्षकांना ते फार आवडले. त्याच्या लहान धातुप्रतिकृती विकल्या गेल्या. मूळ शिल्प मात्र प्लास्टरचे होते. ब्राँझ ओतकामाला पैसा नव्हता, ठेवायला जागा नव्हती. प्रदर्शन संपल्यावर ते यंत्राखाली फोडले गेले. गणपतराव म्हात्रे ह्यांची ‘मंदिरपथगामिनी’ही प्लास्टरचीच, तिला कलाशाळेचा आणि रसिकांचा आश्रय लाभला. माध्यम तेच, नशीब वेगळे, आणि त्या नशिबाला वर्णाचा व धनाचा हिशेब होता.

ह्या शिल्पासाठी रजेवर गेलेल्या सॅव्हेज ह्यांना केंद्रातील जागाही परत मिळाली नाही. कृष्णवर्णीयांच्या कलेसाठी त्यांनी १९३९ मध्ये काढलेले दालन अल्पकाळात बंद पडले. १९४५ च्या सुमारास त्या सॉगर्टीज ह्या खेड्याकडे वळल्या. तेथे कर्करोग-संशोधनाच्या एका प्रयोगशाळेत नोकरी, आणि फावल्या वेळात मुलांना मातीकाम शिकवणे, असा त्यांचा दिनक्रम राहिला. २६ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.