सरस्वतीबाई फाळके

नाशिक शहराजवळ, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब नाशिक जिल्ह्यातीलच, त्र्यंबकेश्वरचे. त्यांचे नाव आज सर्वतोमुखी झाले आहे. परंतु त्यांचा पहिला चित्रपट ज्या हातांनी सिद्ध केला, त्यांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचेही हात होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सरस्वतीबाई माहेरच्या करंदीकर. १९०२ साली त्या फाळक्यांच्या घरी आल्या. दादासाहेबांची वृत्ती प्रयोगशील होती. चित्रकला, छायाचित्रण, शिळाछाप अशा अनेक कलांत त्यांनी प्रावीण्य मिळवले होते. पण एका ठिकाणी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. भागीदारांशी मतभेद होताच त्यांनी चांगला चाललेला छापखाना सोडून दिला. अशा गृहस्थाचा संसार चालवणे सोपे नव्हते.

१९११ साली, ईस्टरच्या सुमारास, मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट दाखवण्यात येत होता. दादासाहेब सरस्वतीबाईंना घेऊन तो पाहावयास गेले. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि दादासाहेबांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या देशातील कथांचे असे चित्रपट आपणच काढावेत, या विचाराने त्यांना झपाटले. रात्रंदिवस अभ्यास आणि अपुरी झोप यांमुळे त्यांची दृष्टी अधू झाली. उपचारांनी ती कशीबशी परत आली. नातेवाइकांना हे सारे वेडाचे लक्षण वाटे. सरस्वतीबाईंनी मात्र पतीला साथ दिली. आयुर्विम्याचे कागद तारण ठेवून दादासाहेब १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले आणि यंत्रांची मागणी नोंदवून एप्रिलच्या आरंभी परतले. पुढे चित्रपटाच्या खर्चासाठी सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही काढून दिले.

दागिने देणाऱ्या स्त्रियांच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. सरस्वतीबाईंचे वेगळेपण त्याच्या पुढे आहे. विलायतेहून यंत्रे दादरच्या घरी येऊन पोहोचली, तेव्हा त्यांनी ती चालवण्याची विद्या शिकून घेतली.

त्या काळी कोरी फीत कडेला छिद्रे न पाडलेली अशीच येई. ही छिद्रे यंत्राच्या दात्यांत अडकतात आणि फीत पुढे सरकते. एका फुटाला प्रत्येक कडेवर ६४ छिद्रे लागतात. त्यांतील अंतर केसभर चुकले तरी पडद्यावरील चित्र थरथरू लागते. फितीवर उजेड पडला तर ती वायाच जाते. म्हणून हे काम काळोखात करावे लागे. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी गुणाकार करून पाहावा; एका कडेचीच छिद्रे दोन लाखांहून अधिक भरतील! दिवसाची कामे आटोपल्यावर सरस्वतीबाई रात्री या कामाला बसत. रसायनांचे मिश्रण करणे, चित्रित झालेली फीत धुऊन तिच्यावरील चित्रे प्रकट करणे, कॅमेऱ्यात फीत भरणे, ही कामेही त्यांनी हस्तगत केली. आज ज्यांना आपण तंत्रज्ञ म्हणतो त्यांची ही कामे होत.

चित्रीकरण सूर्यप्रकाशात चाले. नटांच्या चेहऱ्यावरील सावली घालवण्यासाठी पांढरी चादर ताणून तिच्यावरून ऊन परावर्तित करावे लागे. भर उन्हात तासन्‌तास ती चादर धरून सरस्वतीबाई उभ्या राहत. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. तो तंत्रात मोडत नाही असे कोणी म्हणेल. पण उपाशी माणसांकडून चित्रपट होत नसतो.

तारामतीची भूमिका करावयास त्या वेळी कोणी स्त्री तयार होईना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले. पडद्यावरची राणी पुरुष होती, आणि पडद्यामागे फितीवर काम करणारे हात स्त्रीचे होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

त्यानंतर फाळके कुटुंब नाशिकला आले. १९१८ साली येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. मतभेद झाल्याने दादासाहेबांनी कंपनी सोडली. कुटुंब काशीस गेले व काही वर्षांनी पुन्हा नाशिकला परतले. पुढे बोलपट आले, मूकपटांचे युग संपले आणि फाळक्यांचे वैभवही ओसरले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे देहावसान झाले.

सरस्वतीबाईंनी जी कामे एकटीने केली, त्यांचे पुढे निरनिराळे व्यवसाय झाले. छायालेखक, संकलक, रंगभूषाकार यांनी आपापल्या कामगार-संघटना उभारल्या. १९५६ साली मुंबईत त्यांचा महासंघही झाला. संघटनेमुळे कारागिराला योग्य वेतन मागता येते, अन्यायाविरुद्ध दाद मागता येते. पण ज्याच्याजवळ सभासदत्वाचे पत्र नाही, त्याला कामाच्या जागी प्रवेश मिळणे कठीण होते. रंगभूषाकारांच्या संघटनेने तर रंगभूषेचे सभासदत्व पुरुषांसाठीच राखून ठेवले. स्त्रियांनी केवळ केशरचना करावी, असा दंडक होता. कसब अंगी असूनही कित्येक स्त्रियांना लपूनछपून काम करावे लागे. काही रंगभूषाकार स्त्रिया या दंडकाविरुद्ध न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. सरस्वतीबाईंनी छिद्रे पाडलेली फीत पडद्यावर झळकली, त्याला तेव्हा १०१ वर्षे होऊन गेली होती.