डाव्या हाताचा ग्रंथ

पक्षाघाताने जीभ जड झालेल्या माणसाशी घरचेच बोलणे कमी करतात, हे मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरही पुष्कळदा घडते. वाचा गेली म्हणजे बुद्धीही गेली, ही त्यामागची समजूत! महात्मा जोतीराव फुले यांचे अखेरचे पर्व या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

मे १८८८ मध्ये मुंबईत त्यांना 'महात्मा' ही पदवी अर्पण झाली आणि पुढे दोनच महिन्यांत पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. वय एकसष्ट. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. परंतु ज्या हाताने 'गुलामगिरी' लिहिली तो हात लेखणी धरीना. तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताला अक्षरे वळविण्यास शिकविले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' सिद्ध केले.

ही हकीकत जिद्दीची म्हणून सांगितली जाते. ती मेंदूचीही आहे. उजव्या अंगावर मेंदूच्या डाव्या भागाची सत्ता चालते, आणि बहुतेकांची भाषाही तेथेच वसते. फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी १८६५ मध्ये हे प्रतिपादन केले. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र शेजारचे शाबूत भाग, काही अंशी उजवा भागही, हरवलेले काम उचलू लागतात. पहिल्या काही महिन्यांत हे विशेष वेगाने घडते आणि त्यास रोजचे बोलणे, ऐकणे, लिहिणे हेच खाद्य लागते. नेमक्या त्याच दिवसांत रुग्णाभोवती मौन पसरावे, हा केवढा अन्याय!

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. दत्तक पुत्र यशवंत यांनी १८९१ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध केला.