गोल्फपटू पापवा सेवगोलम

गोल्फ हा खेळ तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. विस्तीर्ण हिरव्या मैदानावर दूरदूर अंतरावर अठरा लहान खळगे केलेले असतात. लांब काठीने एक छोटा, कठीण, पांढरा चेंडू टोलवत टोलवत एकेका खळग्यात घालायचा असतो. ज्याला सर्वांत कमी टोले लागतात, तो जिंकतो. मोठ्या स्पर्धेत मैदानाच्या अशा चार फेऱ्या कराव्या लागतात. मैदान मोठे, काठ्या महाग, त्यामुळे हा खेळ श्रीमंतांचा समजला जातो. पण श्रीमंत खेळाडूच्या काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यामागून चालणारी गरीब मुलेही या मैदानावर असतात. त्यांना कॅडी म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील असाच एक कॅडी पुढे मोठा खेळाडू झाला. त्याचे नाव पापवा सेवगोलम.

पापवा हे त्यांचे घरातले लाडके नाव होते. कागदोपत्री नाव सेवसंकर सेवगोलम असे होते. हे नाव ऐकायला चमत्कारिक वाटते. पण थोडा विचार केला तर ते ओळखीचे वाटू लागते. सेवसंकर म्हणजे शिवशंकर आणि सेवगोलम म्हणजे बहुधा शिवगुलाम. आपल्या उत्तर भागात पूर्वी अशी नावे ठेवत असत. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ‘गुलाम’ हा शब्द तर तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही. परदेशी कारकुनाने जसे ऐकले तसे इंग्रजीत लिहिले आणि पुढच्या पिढ्यांना तेच नाव चिकटले.

हे लोक इतक्या दूर कसे गेले? आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नाताळ नावाची इंग्रजांची वसाहत होती. तेथे उसाचे मळे होते, पण मजूर मिळत नव्हते. म्हणून १८६० पासून १९११ पर्यंत मद्रास आणि कलकत्ता येथून जहाजे भरभरून मजूर नेण्यात आले. त्यांची संख्या सुमारे दीड लाख होती. पाच वर्षे मळ्यात राबण्याचा करार त्यांच्याकडून करून घेत. त्या कराराला मजूर गिरमिट म्हणत. मुदत संपल्यावर बरेच जण तेथेच राहिले. मोहनदास गांधी १८९३ साली बॅरिस्टर म्हणून गेले, ते याच नाताळ प्रांतात.

अशाच एका गरीब कुटुंबात, १९३० च्या सुमारास, डर्बन या बंदराच्या शहरात पापवाचा जन्म झाला. शाळेशी त्याचा संबंध फारसा आला नाही. लिहिणे-वाचणे त्याला कधीच नीट जमले नाही. लहानपणीच तो बीचवुड येथील गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम करू लागला. दिवसभर साहेबांच्या पिशव्या वाहायच्या आणि त्यांचा खेळ बारकाईने पाहायचा, ही त्याची शाळा. शिकवणारा कोणी नव्हता. संधी मिळेल तेव्हा तो स्वतः काठी हातात घेई आणि चेंडू टोलवून पाही.

शिकवणारा नव्हता, याचा एक गमतीदार परिणाम झाला. तुम्ही क्रिकेट खेळता. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज बॅट धरतो तेव्हा त्याचा डावा हात वर असतो आणि उजवा हात खाली असतो. गोल्फची काठीही अशीच धरतात. पापवाने मात्र अगदी उलट पकड घेतली. उजवा हात वर आणि डावा हात खाली! घरी गेल्यावर बॅट अशी धरून पाहा. हात एकमेकांत अडकल्यासारखे वाटतील. जाणकार लोक म्हणत की अशा पकडीने चांगला खेळ होणे शक्यच नाही. पण पापवाचा चेंडू सरळ आणि दूर जाई. एखाद्या शिक्षकाने ही चूक लहानपणीच सुधारली असती तर काय झाले असते, असा विचार माझ्यासारख्या शिक्षकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. पुढे या पकडीलाच सेवगोलम पकड असे नाव मिळाले.

पापवा मोठे झाले, तेव्हा देशातील परिस्थिती अधिकच कठीण होत होती. १९४८ साली दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पक्ष सत्तेवर आला. वर्णभेद हेच या सरकारचे धोरण होते. गोरे, काळे, भारतीय आणि मिश्र वंशाचे असे लोकांचे वर्ग पाडण्यात आले. कोणी कोठे राहायचे हेसुद्धा १९५० च्या कायद्याने ठरवले. खेळही वेगळे झाले. गोऱ्यांच्या स्पर्धा निराळ्या, इतरांच्या निराळ्या. गोरे नसलेल्या खेळाडूंच्या स्पर्धांत पापवा वारंवार जिंकत, पण त्यांत ना पैसा होता ना नाव.

डर्बनमध्ये ग्रॅहॅम वुल्फ नावाचे एक गोरे रसायनतज्ज्ञ राहत. चेहऱ्याला लावायचे ‘ऑइल ऑफ ओले’ हे प्रसिद्ध प्रसाधन त्यांनीच तयार केले. त्यांना गोल्फची आवड होती. पापवांचा खेळ पाहून ते थक्क झाले. त्यांनी पापवांना आपल्याकडे काम दिले, सरावाची सोय केली आणि १९५९ साली त्यांना युरोपात नेले.

त्या वर्षी हॉलंडमध्ये डच ओपन ही स्पर्धा झाली. युरोपातील नामवंत खेळाडू तिच्यात उतरले होते. त्यांच्यासमोर उलट्या हाताने काठी धरणारा हा अनोळखी कॅडी उभा राहिला आणि स्पर्धा जिंकून गेला! पुढच्या वर्षी, १९६० सालीही, डच ओपन त्यांनीच जिंकली. पहिला विजय नशिबाचा म्हणणाऱ्यांची तोंडे त्यामुळे बंद झाली असतील. हॉलंडमध्ये ते विजेते होते. तेथे कोणी त्यांना दारातून परत पाठवले नाही.

मायदेशी मात्र गोऱ्यांच्या स्पर्धांचे दार बंदच होते. अर्ज करावे, वाट पाहावी, नकार यावा, असे चालले होते. अखेर काही स्पर्धांत खास परवान्यावर त्यांना खेळू देण्यात आले. परवाना फक्त मैदानावर चेंडू टोलवण्यापुरता असे. क्लबच्या इमारतीत पाऊल ठेवायची परवानगी नसे. इतर खेळाडू आत जाऊन कपडे बदलत, जेवत, विश्रांती घेत. पापवांना हे सगळे बाहेर, मोटारीत बसून करावे लागे.

आता १९६३ सालची नाताळ ओपन स्पर्धा पाहू. ती डर्बन कंट्री क्लबच्या मैदानावर झाली. शंभरांहून अधिक गोरे खेळाडू आणि त्यांच्यात पापवा हे एकटे भारतीय. चार फेऱ्या संपल्या तेव्हा सर्वांत कमी टोले पापवांचे होते. ज्या शहरात त्यांनी लोकांच्या पिशव्या वाहिल्या, त्याच शहरात ते गोऱ्यांना हरवून पहिले आले होते.

बक्षीस देण्याची वेळ झाली आणि पाऊस सुरू झाला. सगळे गोरे पाहुणे आणि खेळाडू क्लबच्या इमारतीत गेले. विजेत्याला मात्र आत जाता येत नव्हते. त्या क्लबात भारतीय माणसे नव्हती असे नाही. ताटे-पेले उचलणारे वाढपी भारतीयच होते. नोकर म्हणून आत जाणे कायद्याला चालत होते, विजेता म्हणून जाणे चालत नव्हते. पापवा बाहेर उभे राहिले. भर पावसात, ओल्या अंगाने त्यांनी करंडक हाती घेतला.

तेवढ्यात कोणीतरी छायाचित्र काढले. ते जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. वर्णभेद म्हणजे काय हे सांगायला मोठमोठी भाषणे लागत. या छायाचित्राने ते काम एका नजरेत केले. भारताने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा प्रश्न १९४६ सालीच संयुक्त राष्ट्रसंघात नेला होता. आता खेळाच्या जगातही त्या देशाशी संबंध तोडावेत अशी मागणी वाढू लागली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेला घेतले नाही आणि १९७० साली तर तिला ऑलिंपिक चळवळीतूनच काढून टाकण्यात आले.

येथे एक प्रश्न येतो. हा पाठ वाचताना तुमच्यापैकी कोणीतरी तो विचारीलच. अपमान होत असताना पापवांनी तो करंडक घेतलाच का? फेकून का दिला नाही? मलाही पूर्वी असेच वाटत असे. पण पापवा पुढारी नव्हते. ते फारसे शिकलेले नव्हते, घर चालवायचे होते आणि हातात हुन्नर एकच होता. करंडक त्यांनी स्वतःच्या मेहनतीने मिळवला होता. तो का सोडावा? शरमेने मान खाली घालायची होती ती आत कोरड्या जागी बसलेल्यांनी.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्रिटिश ओपन या जगप्रसिद्ध स्पर्धेत पापवा पहिल्या पंधरा खेळाडूंत आले. १९६४ साली त्यांनी तिसऱ्यांदा डच ओपन जिंकली. १९६५ हे वर्ष तर त्यांच्या कारकिर्दीचे शिखर म्हणावे लागेल. त्या वर्षीच्या नाताळ ओपनमध्ये दक्षिण आफ्रिकेचे सर्वांत मोठे गोरे खेळाडू गॅरी प्लेअर खेळत होते. प्लेअर हे काही साधे खेळाडू नव्हते. त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकून त्यांनी जगातील चारही मोठ्या स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम पुरा केला. त्यांच्याआधी हे फक्त दोघांना साधले होते. अशा प्लेअरना मागे टाकून पापवांनी नाताळ ओपन दुसऱ्यांदा जिंकली.

खेळात यापेक्षा मोठे यश कोणते? पण हेच यश त्यांना महाग पडले. एक भारतीय माणूस गोऱ्यांना पुन्हा पुन्हा हरवतो, हे सरकारला सोसवेना. मैदानावर त्यांना रोखता येत नव्हते, म्हणून कागदावर रोखण्यात आले. पुढच्या वर्षापासून त्यांना देशातील मोठ्या स्पर्धांत खेळण्यास मनाई झाली. मग परदेशात जाऊन खेळावे म्हटले, तर त्यांचा पासपोर्टही काढून घेण्यात आला. घरात खेळायचे नाही आणि घराबाहेर जायचे नाही, असा हा दुहेरी फास होता.

तेव्हा पापवांचे वय पस्तिशीच्या आसपास होते. क्रिकेट किंवा फुटबॉलमध्ये हे वय उतरणीचे मानतात. गोल्फचे तसे नाही. या खेळात धावावे लागत नाही. नजर, हात आणि डोके शांत असले की चाळिशीनंतरही माणूस जिंकू शकतो. म्हणजे पापवांकडे अजून कितीतरी वर्षे होती. ती सगळी वाया गेली. सरावाने कमावलेला खेळ स्पर्धेवाचून गंजत गेला. मिळकत थांबली. हॉलंडच्या तीन विजयांचा मानकरी डर्बनमध्ये गरिबीत दिवस काढू लागला.

एप्रिल १९७८ मध्ये अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धा गॅरी प्लेअर यांनी तिसऱ्यांदा जिंकली. तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. त्याच वर्षी पापवा सेवगोलम डर्बनमध्ये वारले. त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.

वर्णभेदाचे कायदे पुढे रद्द झाले आणि १९९४ साली सर्व वंशांच्या लोकांनी मतदान करून नवे सरकार निवडले. डर्बनमध्ये उमगेनी नदीच्या काठी एका सार्वजनिक गोल्फ मैदानाला पापवा सेवगोलम यांचे नाव आहे. नावाचे स्पेलिंग मात्र तेच राहिले आहे, त्या जुन्या कारकुनाने लिहिलेले.