महाराणी व्हिक्टोरियाच्या १३२ बाहुल्या

राणी व्हिक्टोरिया म्हटली की आपल्या लोकांना आधी राणीछाप रुपया आठवतो. सीमाभागात काय, बडोद्या-इंदूरकडे काय, जुन्या घरांतल्या आजीच्या डब्यात एखादा तरी निघतोच. त्यावरची बाई मुकुट घातलेली, करारी चेहऱ्याची. नंतरच्या फोटोंत तर ती काळ्या कपड्यातली, गालफुगी, कधी न हसणारी म्हातारी दिसते. हीच बाई बारा वर्षांची असताना मान खाली घालून वीतभर लाकडी बाहुलीच्या झग्याला टाके घालत बसायची, हे सांगितलं तर पटत नाही. पण तिच्या आयुष्यातला हा भाग चांगला नोंदवलेला आहे, आणि तो समजला की पुढची राणीही जरा समजते.

व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ चा, लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यातला. वडील एडवर्ड, केन्टचे ड्यूक, म्हणजे राजा तिसरा जॉर्ज याचा चौथा मुलगा. राजवाडा म्हटला तरी घरात पैसा नव्हता. ड्यूकसाहेबांनी कर्ज करून ठेवलं होतं, आणि मुलगी आठ महिन्यांची असताना जानेवारी १८२० मध्ये ते वारले. पाठोपाठ सहा दिवसांत म्हातारा राजाही गेला. मागे राहिली जर्मन आई, तिची पहिल्या लग्नाची मुलगी फिओडोरा आणि ही तान्ही पोर. मोठ्या काकांना वारस टिकले नाहीत, तसतशी ही पोर गादीच्या जवळ सरकत गेली.

इथे जॉन कॉनरॉय नावाचा माणूस येतो. ड्यूकच्या पदरचा हा अधिकारी ड्यूक गेल्यावर बाईसाहेबांचा कारभारी झाला. त्याचा हिशेब सरळ होता: मुलगी अठराच्या आत राणी झाली तर आई तिची पालक म्हणून राज्य चालवणार आणि आईला आपण चालवणार. त्यासाठी मुलगी ताब्यात पाहिजे. मग दोघांनी मिळून तिच्याभोवती नियमांचं कुंपण घातलं. ते पुढे केन्सिंग्टन पद्धत या नावाने ओळखलं गेलं. तिने एकटीने एक क्षण राहायचं नाही. झोपायचं आईच्या खोलीत. जिना उतरताना कुणीतरी हात धरलाच पाहिजे. बाहेरच्या मुलांशी खेळ नाही. खेळायला मिळायची ती कॉनरॉयची मुलगी, आणि ती तर हिला आवडत नव्हती. बहीण फिओडोरावर जीव होता, पण तिचं १८२८ मध्ये लग्न लावून जर्मनीला पाठवणी केली. व्हिक्टोरिया तेव्हा अजून नऊचीही नव्हती.

उरली एक लुईझ लेझेन. हॅनोव्हरकडच्या एका पाद्र्याची मुलगी. आली होती फिओडोराला शिकवायला, मग १८२४ पासून व्हिक्टोरियाची शिक्षिका झाली. कडक होती, पण मुलीच्या बाजूने उभी राहणारी त्या घरात तीच एक. बाहुल्यांचा उद्योग या दोघींचा.

या बाहुल्या महागड्या असतील असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. त्या काळी इंग्लंडात ज्यांना डच बाहुल्या म्हणत, त्या या. हॉलंडशी त्यांचा संबंध नाही. आल्प्समधल्या ग्रोडनर खोऱ्यातले कारागीर लाकूड कोरून त्या बनवत आणि त्या युरोपभर विकल्या जात. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत जशी रंगवलेली लाकडी खेळणी बनतात, तसाच डोंगराळ भागातला, घरोघरी चालणारा धंदा. हातपाय खुंटीने जोडलेले, म्हणून वाकतात. काळे रंगवलेले केस, लाल गाल, टोकदार नाक. व्हिक्टोरियाच्या बाहुल्या साधारण तीन इंचांपासून नऊ इंचांपर्यंतच्या. त्या काळात मेणाच्या, सुंदर चेहऱ्याच्या बाहुल्या मिळत होत्या, तरी हिला या ओबडधोबडच आवडल्या. माझ्या मते कारण सोपं आहे. मेणाची बाहुली आधीच कुणीतरी असते. लाकडाच्या साध्या बाहुलीला तुम्ही कपडे घालाल ती व्यक्ती ती होते.

एकूण बाहुल्या १३२. त्यातल्या ३२ जणींचे कपडे व्हिक्टोरियाने स्वतः शिवले, बाकीच्यांचे बहुतेक लेझेनने. मुख्य काम १८३१ ते १८३३ मधलं, म्हणजे व्हिक्टोरिया बारा ते चौदा वर्षांची असतानाचं. शिवणकाम करणाऱ्या बायकांना यातली मेख लगेच कळेल. माणसाच्या झग्याला घालतो तशी दुमड पाच इंचांच्या बाहुलीच्या झग्याला घातली की कापड फुगतं आणि बाहुली गाठोड्यासारखी दिसते. त्याला पातळ रेशीम, जाळी, अरुंद लेस लागते, आणि टाका इतका बारीक की दिसता कामा नये. या बाहुल्यांना अर्ध्या इंचाचे हातरुमाल आहेत, त्यावर रंगीत रेशमाने आद्याक्षरं भरलेली. विणलेले मोजे आहेत. एप्रनला खिसे आहेत. इतकं बारीक काम एका बैठकीत होत नाही. त्यामागे कितीतरी संध्याकाळी गेल्या असणार.

कोण कोण होत्या या? काही दरबारातल्या बायका. आणि बऱ्याचशा रंगमंचावरच्या. व्हिक्टोरियाला ऑपेरा आणि बॅलेचं वेड होतं. नाटकगृहात जायला मिळालं की ती डोळे भरून बघायची आणि घरी येऊन त्या नटीचा पोशाख आठवून बाहुलीवर उतरवायची. त्या काळची गाजलेली नर्तिका मारी ताग्लिओनी तिच्या संग्रहात आहे. केनिलवर्थ या बॅलेतली पात्रंही आहेत. पुरुष बाहुले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एक लांब फळीही होती, तिच्यावर खुंट्या. त्यात बाहुल्यांचे पाय अडकवले की सगळ्या ओळीने उभ्या राहत. घरात खऱ्या माणसांवर तिचं काही चालत नव्हतं. या फळीवर कोण कुठे उभं राहणार, ते ती ठरवत होती.

मी पडलो कॉमर्सवाला, त्यामुळे मला सगळ्यात आवडली ती तिची वही. बाहुल्यांची रीतसर यादी एका वहीत लिहिलेली आहे: बाहुलीचं नाव, कपडे कुणी शिवले, ती कुठल्या नाटकातलं कुठलं पात्र. दुकानातल्या स्टॉक रजिस्टरसारखंच म्हणा की. आज जगभर बाहुल्या जमवणारे, बार्बीचा चेहरा पुसून नव्याने रंगवणारे, तिला नऊवारी शिवणारे हौशी लोक आहेत. त्यांच्यातले पक्के लोक अशीच नोंद ठेवतात. नुसतं जमवणं आणि संग्रह करणं यात फरक पडतो तो इथेच.

मधेच १८३० मध्ये, दहा वर्षांची असताना, तिला वंशावळ दाखवली गेली आणि आपण गादीच्या किती जवळ आहोत हे तिला कळलं. म्हणजे बाहुल्यांचे बरेचसे कपडे शिवले गेले ते हे कळल्यानंतर. १८३२ मध्ये ती रोजनिशी लिहायला लागली, ती मरेपर्यंत लिहिली. १८३३ मध्ये घरात डॅश नावाचा लहानसा कुत्रा आला, तर त्यालाही तिने लाल जाकीट आणि निळी विजार घातली! चौदा पुरी होता होता बाहुल्या पेटीत गेल्या.

नंतरची चार वर्षं वाईट गेली. १८३५ मध्ये रॅम्सगेटला ती तापाने अंथरुणाला खिळली होती. तेव्हा कॉनरॉयने एका कागदावर सही मागितली: राणी झाल्यावर त्याला खाजगी सचिव नेमण्याचं वचन. आईही त्याच्या बाजूने. सोळा वर्षांची, तापाने फणफणलेली मुलगी, पण सही केली नाही. शेजारी लेझेन होती. चौथा विल्यम हा काका तेव्हा राजा होता, त्याला हा कॉनरॉय डोळ्यासमोर नको असायचा. पुतणी अठराची होईपर्यंत आपण जगावं एवढीच त्याची इच्छा होती, आणि तो खरोखर तेवढाच जगला. २४ मे १८३७ ला ती अठराची झाली, २० जूनला तो गेला. पहाटे सहाला आर्चबिशप राजवाड्यात बातमी घेऊन आले. राणी झाल्यावर तिने आधी काय केलं? एक तास एकटं बसायला मागितलं आणि आपला पलंग आईच्या खोलीतून हलवायला सांगितला. कॉनरॉयला दरबारापासून दूर ठेवलं.

इथपर्यंत वाचून कुणालाही तिच्याबद्दल कणव वाटेल. पण पुढचंही सांगितलं पाहिजे. १८३९ मध्ये आईच्या पदरी असलेल्या लेडी फ्लोरा हेस्टिंग्जचं पोट वाढलेलं दिसलं. लग्न न झालेली बाई. व्हिक्टोरिया आणि लेझेन दोघींनी संशय घेतला तो कॉनरॉयवर. त्या बाईला डॉक्टरी तपासणी सोसावी लागली. तिला दिवस गेलेले नव्हते, पोटात आजार होता, आणि त्यातच जुलैमध्ये ती गेली. लोकांनी राणीला चांगलंच धारेवर धरलं. ते बरोबरच होतं. फळीवरच्या बाहुल्यांबद्दल काहीही ठरवलं तरी कुणाला इजा होत नाही. माणसांचं तसं नसतं, आणि वीस वर्षांच्या राणीला हे दुसऱ्याच्या जिवावर कळलं.

१० फेब्रुवारी १८४० ला आल्बर्टशी लग्न झालं. लग्नात तिने पांढरा सॅटिनचा झगा घातला. कापड लंडनच्या स्पिटलफील्ड्सच्या विणकरांचं, लेस डेव्हनच्या कारागीर बायकांच्या हातची. यंत्रावरची लेस आल्यापासून त्या बायकांचं काम बुडत चाललं होतं. राणीने घातली म्हणून हाताच्या लेसला परत गिऱ्हाईक आलं, आणि पांढऱ्या झग्यातल्या नवरीची पद्धतही तिच्यामुळेच पसरली. गोव्यात चर्चमधल्या लग्नात दिसणारी पांढरी नवरी त्याच चालीतली. १८४२ मध्ये तिने जुन्या काळच्या पोशाखांचा मोठा नाचसमारंभ ठेवला, तोही रेशीम विणकरांना काम मिळावं म्हणून. स्वतः चौदाव्या शतकातली राणी होऊन आली. १८४६ मध्ये थोरल्या मुलाला खलाशाचा गणवेश शिवून घातला, तर लहान मुलांच्या खलाशी कपड्यांची टूमच निघाली. बाहुल्यांवर जे करायची ते ती आता घरातल्या माणसांवर करत होती.

लेझेन मात्र टिकली नाही. आल्बर्टला ती नको होती. सप्टेंबर १८४२ मध्ये पेन्शन देऊन तिला जर्मनीला पाठवलं. १८७० मध्ये ती तिकडेच वारली. व्हिक्टोरियाला नवरा आणि लेझेन यातून एकाला निवडावं लागलं, तिने नवरा निवडला. तो १४ डिसेंबर १८६१ ला गेला. त्या दिवसापासून चाळीस वर्षं तिने काळा रंग सोडला नाही. कपड्यांची एवढी हौस असलेल्या बाईने हे केलं.

आपल्याकडचा तिचा संबंध सगळ्यांना माहीत आहे. सातारा १८४८ ला खालसा झालं, झाशी १८५४ ला, दोन्ही तिच्याच काळात, कंपनीच्या हातून. १८५८ ला कंपनी गेली आणि राज्य तिच्या नावावर आलं, १८७७ ला ती हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. इकडे ती कधी आली नाही. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तिचा संगमरवरी पुतळा मुंबईला दिला, त्याचं उद्घाटन १८७२ मध्ये झालं. पुढे चापेकर बंधूंनी त्यालाच डांबर फासलं. २२ जून १८९७ ला तिच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा सोहळा पुण्यात चालू होता, त्याच रात्री रँडवर गोळी झाडली गेली. तो पुतळा आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

बाहुल्यांची गोष्ट जगाला कळली ती ती सत्तरी पार करून गेल्यावर. फ्रान्सिस लो या लेखिकेने १८९२ मध्ये स्ट्रँड मासिकात लेख लिहिला. राणीकडून परवानगी आणि माहिती मिळाली ती तिचे खाजगी सचिव हेन्री पॉन्सन्बी यांच्यामार्फत. जवळजवळ साठ वर्षं बाहुल्या आणि ती वही जपून ठेवलेली होती. लेखाचा मजकूर राणीने स्वतः वाचला आणि दुरुस्त्या केल्या. साम्राज्याचे कागद पुढ्यात असताना, कुठली बाहुली कुणाची हे बघायला तिने वेळ काढला. १८९४ मध्ये रंगीत चित्रांसह पुस्तकही निघालं.

२२ जानेवारी १९०१ ला ऑस्बोर्नला ती वारली. आपल्याला कोणते कपडे घालायचे, शवपेटीत काय काय ठेवायचं, याची यादी तिने आधीच करून ठेवली होती. त्याप्रमाणे काळे कपडे बाजूला ठेवून तिला पांढरा झगा घातला आणि चेहऱ्यावर १८४० सालची लग्नातली लेसची ओढणी घातली. बाहुल्या पुढे संग्रहालयात गेल्या.