साक्रेतीस
पुण्यांत सदाशिव पेठेजवळच्या विश्रामबाग वाड्यांतील संस्कृत पाठशाळेंत शिकलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं १८५२ सालीं ज्याचें चरित्र मराठींत आणिलें, तो साक्रेतीस ग्रीस देशांतील अथेन्स नगराचा रहिवासी. त्याचा जन्म ख्रिस्तापूर्वीं ४७० च्या सुमारास झाला. बाप पाथरवट, आई सुईण. तो अनवाणी बाजारांत हिंडे, लोकांस प्रश्न विचारी व आपणांस सर्व कळतें हा त्यांचा गर्व उतरवी.

ख्रिस्तापूर्वीं ४०४ च्या सुमारास तीस जुलमी अधिकाऱ्यांनीं त्यास व दुसऱ्या चौघांस एका निरपराध मनुष्यास धरून आणण्याची आज्ञा केली. चौघे गेले, हा मुकाट्यानें घरीं परतला. पुढें ३९९ मध्यें, हा नगराचे देव मानीत नाहीं व तरुणांस बिघडवितो, असा आरोप ठेवून त्यास देहान्त शिक्षा देण्यांत आली. मित्रांनीं तुरुंगांतून पळविण्याची तजवीज केली. परंतु ज्या कायद्यांच्या आश्रयानें जन्म घालविला, ते मरणाच्या भयानें मोडणें त्यास योग्य वाटलें नाहीं. त्यानें विषाचा पेला शांतपणें घेतला.

सुमारें साडेचारशें वर्षांनीं त्याच नगरांत प्रेषित पौलानें प्रभु येशूची सुवार्ता सांगितली. वाचकहो, साक्रेतिसास ती ऐकावयास मिळाली नव्हती; आपणांस मिळाली आहे. मग गांवच्या पंचांपुढें खरें बोलावयास आपण कां भ्यावें?